फेसलिफ्ट म्हणजे नक्की काय? आणि डॉ. नोशिर अंतियांनी ते कुणासाठी केलं?

सेल्फी कॅमेऱ्यातला ब्युटी मोड सुरकुत्या कशा घालवतो? त्वचेचे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळून. मी नाशिकला सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कोडने एवढंच जमतं. खऱ्या फेसलिफ्टमध्ये सर्जन कानापुढे आणि केसांच्या कडेला छेद घेतो, त्वचा खालच्या थरापासून मोकळी करून वर-मागे ओढतो, जास्तीची कापतो आणि टाके घालतो.

फेसलिफ्ट म्हटलं की नट-नट्याच आठवतात ना? पण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्यांवर काम केलं. या रोगात काहींच्या चेहऱ्याची त्वचा जाड होते. उपचारांनंतर तीच सैल पडते आणि तरुण माणूस म्हातारा दिसायला लागतो. भुवया झडतात, नाक बसतं, कानाच्या पाळ्या लोंबतात. म्हणजे रोग बरा झाला तरी चेहरा चुगली करतोच. मग काम मिळत नाही, घरचे दारात उभं करत नाहीत. याला नुसतं ‘कॉस्मेटिक’ म्हणणं मला तरी पटत नाही.

अशा चेहऱ्यांच्या पुनर्रचनेवर अंतियांचा सविस्तर लेख १९६३ साली प्रसिद्ध झाला. १९६७ साली बुच यांच्यासोबत मांडलेली त्यांची कानाची पद्धत तर आजही ‘अंतिया-बुच फ्लॅप’ म्हणून जगभर वापरतात. कानाच्या कडेचा तुकडा गेला असेल, तर उरलेली कड कूर्चेसकट सुटी करायची, दोन्ही बाजूंनी सरकवायची आणि जोडायची. कान किंचित लहान होतो, आकार मात्र कानाचाच राहतो.