बंगळुरूत कौटुंबिक डॉक्टरांची निवड

नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक होणारी मराठी कुटुंबे घर आणि शाळा आधी शोधतात. डॉक्टरांचा शोध मात्र कोणी तापाने फणफणल्यावर सुरू होतो. मग साध्या तक्रारीसाठीही मोठे रुग्णालय गाठले जाते आणि पूर्वेतिहास ठाऊक नसल्याने तपासण्या नव्याने होतात.

शहरातील वाहतूक पाहता घराजवळचा दवाखाना श्रेयस्कर. कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्यानुसार खासगी दवाखान्यांना नोंदणी बंधनकारक आहे. अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येते. राज्य शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘नम्म क्लिनिक’मध्ये (‘नम्म’ म्हणजे ‘आपले’) तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

भेटीस जाताना जुने अहवाल आणि चालू औषधांची वेष्टने, काढे व चूर्णांसह, सोबत न्यावीत. ‘छोटी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणताही डॉक्टर औषध ओळखू शकत नाही. पॅरासिटामॉल तापाच्या गोळीत असते, तसेच सर्दीच्या अनेक गोळ्यांतही. नावे निराळी असल्याने दोन्ही एकदम घेतल्या जातात आणि अतिमात्रेमुळे यकृताला इजा होऊ शकते. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास ती प्रथम सांगावी.

केवळ मराठी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांसोबत दुभाष्या म्हणून घरातील कोणी असावे. ‘कसेतरी होते’ या तक्रारीचा कन्नड वा इंग्रजी अनुवाद अवघड. चक्कर, मळमळ की धडधड, हे घरीच विचारून तारखांसह लिहून ठेवावे.

छातीत तीव्र वेदना किंवा श्वास घेण्यास त्रास होत असल्यास दवाखान्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.