ओनामा

मराठवाड्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पहिल्या दिवशी मुलांच्या स्वागताचा जो सोहळा होतो त्याला आता ‘प्रवेशोत्सव’ म्हणतात. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले राजूर ज्या मुलखात आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्याची तऱ्हा ठरून गेली आहे. पहिलीच्या मुलांना ओवाळतात, हाती फूल आणि नवी पुस्तके देतात, बैलगाडीतून मिरवतात आणि कागदावर त्यांच्या रंगीत पावलांचे ठसे घेतात. ‘शाळा प्रवेशोत्सव’ या नावाची सरकारी मोहीम गुजरातेत 2003 साली सुरू झाली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाल्यावर पटनोंदणीला वेग आला. नावाचा इतिहास एवढाच. दिवसाचा इतिहास मात्र फार जुना आहे, आणि तो एका मोडक्यातोडक्या शब्दात साठलेला आहे: ओनामा.

‘ओनामा करणे’ म्हणजे आरंभ करणे. पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरत आणि मुलाचे बोट धरून तीत अक्षरे काढून घेत. धूळपाटी, धुळाक्षरे हे शब्द तिथले. ‘श्रीगणेशाय नमः’ झाले की पुढची ओळ ‘ॐ नमः सिद्धम्’. मुलांच्या तोंडी तिचे ‘ओनामासिधं’ झाले आणि शेपूट गळून ‘ओनामा’ उरला.

अडचण शेवटच्या शब्दाची आहे. संस्कृतात ‘नमः’पुढे चतुर्थी लागते: गणेशाय, शिवाय. मग ‘सिद्धाय’ किंवा ‘सिद्धेभ्यः’ न म्हणता ‘सिद्धम्’ का? एक मत असे की हा जैनांचा सिद्धांना नमस्कार आहे आणि विभक्ती मुलांच्या तोंडी बिघडली. पण ही ओळ चालत असलेल्या इतक्या प्रांतांत विभक्ती एकाच ठिकाणी आणि एकाच रीतीने बिघडावी, हे पटण्यासारखे नाही. दुसरे मत ही ओळ कातंत्र व्याकरणाशी जोडते. त्याचे पहिले सूत्र ‘सिद्ध’ शब्दानेच सुरू होते आणि वर्णमालेविषयीच आहे. राजस्थानातल्या जुन्या पोशाळांत मुले त्याच सूत्रांचे अपभ्रंश अर्थ न कळता घोकत, हा या मताचा भक्कम आधार.

तरीही कातंत्र हे मूळ नव्हे, वाटेवरचे मोठे ठाणे म्हणावे लागते. नाशिकच्या लेण्यांतले उषवदाताचे आणि सातवाहनांचे लेख ‘सिधं’ या शब्दानेच उघडतात. तिथे तो सुटा आहे, कोणाला नमस्कार नाही. कार्य सिद्धीस गेले, किंवा जावो, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी पतंजलीनेही महाभाष्यात सांगून ठेवले आहे की ग्रंथारंभी ‘सिद्ध’ शब्द मंगलासाठी घालतात. म्हणजे ‘ॐ नमः’ हे एक वाक्य आणि ‘सिद्धम्’ हे दुसरे. शेजारी शेजारी लिहिल्याने दोन्ही चिकटली, इतकेच. हा शब्द दानपत्रे लिहिणाऱ्या लेखनिकांकडून शाळेत आला असावा, कारण मुलाला अक्षर शिकवायला गावात दुसरे होते कोण? व्याकरणकारांनी चालू मंगलशब्द उचलला आणि कातंत्र जपणाऱ्या जैन पंडितांनी तो दूरवर पोचवला. असे मानले की तिन्ही मते आपापल्या जागी बसतात.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाची पहिली पोथी हाती घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. त्याच्या आधी आलेल्या ह्युएनत्संगाने पहिल्या पाठाला ‘बारा प्रकरणे’ म्हटले आहे. ती आपली बाराखडीच असावी. पाटीच्या माथ्यावरचा ‘सिद्धम्’ हा शब्द पुढे लिपीचेच नाव होऊन बसला. जपानातले बौद्ध मठ आजही बीजमंत्र ज्या भारतीय लिपीत लिहितात तिला ते ‘शित्तान’ म्हणतात. शित्तान म्हणजे सिद्धम्. मराठी मुलाचा ओनामा आणि जपानी भिक्षूची लिपी ही एकाच घरची भावंडे ठरतात.

इत्सिंगाच्या ‘सहा महिने’ या मुदतीशी पैठणची एक कथा जुळते. सोमदेवाच्या कथासरित्सागरात प्रतिष्ठानचा सातवाहन राजा जलक्रीडेत राणीवर पाणी उडवतो. ती म्हणते, ‘मोदकैः’ मारा, म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. राजाला संधी उमगत नाही आणि तो मोदक आणवतो. राणी हसते, राजा खजील होतो. त्याचा मंत्री गुणाढ्य त्याला सहा वर्षांत व्याकरण शिकवू म्हणतो, दुसरा मंत्री शर्ववर्मा सहा महिन्यांत. शर्ववर्मा कार्तिकेयाला प्रसन्न करून घेतो आणि पैज जिंकतो. त्याचे व्याकरण तेच कातंत्र. सहा महिने हा आकडा कथेत उगाच आलेला नसावा. पहिल्या पोथीची जी मुदत लोकांना ठाऊक होती तीच राजाच्या शिक्षणाला लावली, असे म्हणायला जागा आहे.

कथेत वर देणारा कार्तिकेय असला, तरी पाटीवर मान त्याच्या भावाचा, गणपतीचा. राजूरचा राजुरेश्वर गणपती साडेतीन पीठांपैकी एक मानला जातो. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता इथेच सांगितली अशी श्रद्धा आहे आणि त्यावरून ‘राजसदन’चे राजूर झाले असे सांगतात. क्षेत्राचे माहात्म्य त्यात आहे, पण ध्वनींचे गणित जमत नाही. ‘सदन’चे ‘ऊर’ होत नाही, ‘राजपुर’चे राजूर सहज होते. अकोले तालुक्यात आणि यवतमाळ जिल्ह्यातही राजूर आहेच. ‘ऊर’ म्हणजे गाव हा कानडी-तेलुगू शब्दही दावेदार आहे, पण आधी ‘राज’ हा संस्कृत शब्द असल्यामुळे ‘पुर’चे पारडे जड.

‘ओनामा’ आणि ‘श्रीगणेशा’ या दोन्ही शब्दांचा अर्थ आरंभ. गणेशाने जुन्या सिद्धम्‌ला हटवले, असे वरवर दिसते. पण पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर शके 1212 मध्ये गीतेवर भाष्य करताना ॐकारालाच गणेशरूप देतात: अकार चरण, उकार उदर, मकार मस्तक. गोदाकाठच्या मनात ‘ओनामा’तला ‘ओ’ तेव्हाच गणपती झाला होता. त्यामुळे दोन्ही ओळी एका पाटीवर भांडण न करता राहिल्या.

मुहूर्त मात्र बदलला. विद्यारंभाचा दिवस दसऱ्याचा. एकाचा आकडा पुन्हा पुन्हा काढून साधलेली पाटीवरची सरस्वती अजून त्याच दिवशी पूजतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊ लागले तसा पहिला दिवस मृगात आला. कापूस-सोयाबीनच्या पेरणीच्या घाईत बैलजोडी शाळेच्या मिरवणुकीला देणे हा गावाने केलेला खरा खर्च आहे. पावलांचे ठसे नव्या नवरीच्या कुंकवाच्या पावलांवरून आले असावेत. 2022 साली राज्याने शाळापूर्व तयारीच्या अभियानाला नाव दिले तेही ‘पहिले पाऊल’. धूळपाटीवर मुलाची पहिली खूण बोटाची उमटे. आता ती तळपायाची उमटते, आणि हा कागद पुसला जात नाही.