फ्रीबीएसडीवरील अतिवेगवान नेटवर्क इंटरफेस : जुळणी व चाचणी

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या बर्कली शाखेतून आलेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यावर १० गिगाबिट किंवा त्याहून वेगवान नेटवर्क कार्ड चालू करणे, त्याची सेटिंग बसवणे आणि त्यातून प्रत्यक्ष किती माहिती जाते हे मोजणे, ही कामे या नोंदीत येतात. १० गिगाबिट इथरनेटचे मानक २००२ साली, तर ४० व १०० गिगाबिटचे २०१० साली मंजूर झाले. कार्ड चालू करायला दोन मिनिटे पुरतात. त्यावर लिहिलेला वेग पदरात पडायला मात्र कष्ट पडतात.

वेगाची मापे दोन : सेकंदाला किती बिट आणि सेकंदाला किती पॅकेट. नवशिक्यांची बहुतेक फसगत ही दोन मापे एकच समजल्याने होते. १,५०० बाइटच्या पॅकेटला इथरनेटचा हेडर, तपासणीची संख्या, सुरुवातीचा इशारा आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा जोडली की तारेवर १,५३८ बाइटची जागा लागते. त्यातले टाइमस्टँप वापरणाऱ्या टीसीपीच्या हाती १,४४८ बाइट उरतात. म्हणून १० गिगाबिटच्या अगदी निर्दोष जोडणीवरही चाचणीत ९.४१ गिगाबिटच दिसतात. तो आकडा पाहून बिघाड शोधत बसू नये. पॅकेट लहान झाले की अडचण वेगळी होते. ६४ बाइटची सर्वांत लहान फ्रेम तारेवर ८४ बाइटची जागा घेते आणि अशा १ कोटी ४८ लाख ८० हजार फ्रेम एका सेकंदात येऊ शकतात. म्हणजे एका फ्रेममागे ६७ नॅनोसेकंद, ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची जेमतेम २०० आवर्तने. मुख्य मेमरीतून एकदा काही आणायचे म्हटले तरी एवढा वेळ खर्ची पडतो. त्यामुळे मोठ्या फायली पाठवणाऱ्या सर्व्हरला सहज झेपणारे कार्ड राउटरमध्ये गुदमरू शकते.

जुळणीची मुख्य कमांड ‘आयएफकॉन्फिग’. ती १९८३ सालच्या ४.२ बीएसडीपासून चालत आली आहे. फ्रीबीएसडीत इंटरफेसचे नाव ड्रायव्हरवरून पडते : इंटेलच्या ८२५९९ चिपचे कार्ड ‘आयएक्स०’, मेलानॉक्सचे कनेक्टएक्स-४ ‘एमसीई०’. कमांडने केलेला बदल मशीन पुन्हा सुरू केल्यावर पुसला जातो. तो टिकवायचा तर ‘आरसी.कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहावा लागतो.

पत्ता देण्याआधी कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसले आहे ते ‘पीसीआयकॉन्फ’ने पाहावे. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतल्या ८ लेन मिळून सुमारे ६३ गिगाबिट वाहून नेतात. त्यात १०० गिगाबिटचे कार्ड बसवले, तर पुढची कोणतीही सेटिंग उरलेला वेग आणून देणार नाही. फायबर असेल तर ‘आयएफकॉन्फिग’ला सविस्तर माहितीचा पर्याय देऊन मॉड्यूलपर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचतो का, हेही वाचता येते.

पॅकेटची कमाल लांबी ९,००० बाइट केली तर टीसीपीचा वाटा ९९ टक्क्यांवर जातो. मात्र त्या जाळ्यातले प्रत्येक यंत्र आणि मधला स्विच यांची त्याला तयारी हवी. ८,९७२ बाइटचे, तुकडे करण्यास मनाई असलेले पिंग पलीकडे पोहोचून परतले, तरच ती तयारी आहे असे मानावे. मोठ्या पॅकेटचे तुकडे करणे आणि आलेले तुकडे जोडणे ही कामे कार्ड व ड्रायव्हर मिळून प्रोसेसरच्या अंगावरून उतरवतात. सर्व्हरवर या सोयी चालू ठेवाव्यात, राउटरवर बंद कराव्यात. लांब अंतरावर बफरचा हिशेब येतो : १० गिगाबिटच्या वाटेवर जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील, तर १२५ मेगाबाइट माहिती सतत वाटेत असते. मूळ टीसीपीची खिडकी, म्हणजे पोच मिळण्याआधी पाठवता येणारी माहिती, ६४ किलोबाइटची; ती वाढवण्याची सोय १९९२ साली आली. बफरची मर्यादा ‘सिसकंट्रोल’ने वर न्यावी लागते.

इंटरनेटवर सापडलेली पन्नास सेटिंगची यादी जशीच्या तशी चिकटवणे ही घातक सवय आहे. त्यातले काय उपयोगी पडले आणि कशाने घात केला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. एक बदल करावा, मोजावे, फरक पडला नाही तर तो मागे घ्यावा.

चाचणी दोन मशीन थेट एकमेकांना जोडून सुरू करावी आणि मगच स्विच मध्ये आणावा. ‘आयपर्फ३’ हे नेहमीचे साधन. कार्ड प्रत्येक प्रवाह पत्ते व पोर्ट पाहून एका रांगेत टाकते आणि एक रांग एक कोअर हाताळतो, त्यामुळे एकच प्रवाह साधारणपणे एकाच कोअरवर अडकतो. म्हणून एक आणि अनेक, दोन्ही प्रकारे आणि दोन्ही दिशांनी मोजावे. २०२३ सालच्या ३.१६ आवृत्तीपूर्वी ‘आयपर्फ३’ स्वतःच एका थ्रेडवर चाले, हे जुने आकडे वाचताना ध्यानात ठेवावे. चाचणी चालू असताना ‘नेटस्टॅट’वर गळालेली पॅकेट आणि ‘टॉप’वर प्रत्येक कोअरचा भार पाहावा. एक कोअर शंभर टक्के आणि बाकीचे रिकामे, हे सर्वांत वारंवार सापडणारे दुखणे.

राउटरसाठी १९९९ सालच्या आरएफसी २५४४ ची पद्धत पाळतात : ६४ ते १,५१८ बाइटच्या सात मापांच्या फ्रेम, प्रत्येक फेरी ६० सेकंदांची, आणि एकही फ्रेम न गळता मिळालेला वेग तोच खरा. अशा चाचण्यांसाठी १९८.१८.०.०/१५ ही पत्त्यांची पट्टी राखून ठेवलेली आहे. एवढी पॅकेट तयार करायला पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझ्झो यांचे ‘नेटमॅप’ उपयोगी पडते. ९०० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एकाच कोअरने १० गिगाबिटची तार लहान फ्रेमनी पूर्ण भरता येते, हे त्यांनी २०१२ साली दाखवले.

नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी २०२१ साली फ्रीबीएसडीच्या एका सर्व्हरवरून सेकंदाला ४०० गिगाबिटच्या घरात व्हिडिओ पाठवण्याचे काम मांडले. तिथे आड आली ती मेमरीची वहनक्षमता. पाठवायच्या व्हिडिओचे सांकेतिकरण (एन्क्रिप्शन) प्रोसेसरऐवजी कार्डाकडे सोपवल्यावर तिच्यावरचा ताण सुमारे निम्मा झाला.