अभंग आत, चोखोबा बाहेर

वारकऱ्यांच्या देवघरात संतांच्या गाथेला पोथीचा मान आहे. या गाथेत ज्ञानदेव-नामदेवांच्या पंगतीला एक अख्खे महार कुटुंब बसले आहे: चोखामेळा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. चौदाव्या शतकात ज्यांचा स्पर्श विटाळ मानला जाई, त्यांचे शब्द पवित्र ठरले.

घर एक, पण देवाशी बोलण्याची तऱ्हा वेगवेगळी. चोखोबा आर्जवी आहेत. दाराशी उभे राहून ते पांडुरंगाला आळवतात. सोयराबाई विचारते, देहातच विटाळ असेल, तर त्यावाचून जन्मलेला कोण? कर्ममेळा मात्र थेट देवालाच धारेवर धरतो. हीन जात देऊन आम्हाला दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगवलेस, याची तुला शरम कशी नाही, असा त्याचा सवाल आहे. बापाचे आर्जव मुलाच्या तोंडी जाब होऊन येते. गाथेने दोन्ही सांभाळले.

कुराणातही असे आहे. कुरैशांच्या बड्या मंडळींशी बोलताना एका अंध माणसाकडे दुर्लक्ष झाले, म्हणून ‘अबस’ हा अध्याय खुद्द प्रेषितांना समज देतो. ती समज आजही नमाजात वाचली जाते. डावलल्या गेलेल्या माणसाची बाजू धर्मग्रंथात अशी नोंदलेली असते. प्रश्न असतो तो वाचणाऱ्यांचा.

चोखोबांचे काय झाले? 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. म्हणजे मरणानंतरही उंबऱ्याबाहेरच! आपल्या पैठणच्या नाथांनी पुढे महाराच्या तोंडून ‘जोहार’ गायले, तरी दार उघडले नाही. ते उघडायला 1947 साल उजाडले आणि त्यासाठी साने गुरुजींना 1 ते 10 मे असे उपोषण करावे लागले. मधे 609 वर्षे गेली. अभंग आत गायिले जात होते, अभंगकर्त्याचे लोक बाहेर उभे होते.

बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पण त्या दारापाशी ते थांबले नाहीत. 1950 साली त्यांच्या संस्थेने आपल्या शहरात महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. 1956 साली त्यांनी धम्म स्वीकारला. चोखोबांचा मान राखून त्यांनी कर्ममेळ्याचा सवाल पुढे नेला.