अश्वशक्ती, किलोवॉट व युनिट : बुलढाणा जिल्ह्यातील कृषिपंपांचे वीजमापन

ऊर्जा ज्या त्वरेने वापरली जाते, त्या त्वरेस शक्ती म्हणतात. तिचे एकक वॉट असून ऊर्जेचे एकक ज्यूल आहे. दर सेकंदास १ ज्यूल म्हणजे १ वॉट. वीजबिलातील ‘युनिट’ म्हणजे १ किलोवॉट-तास, अर्थात ३६ लक्ष ज्यूल. शक्तीस काळाने गुणल्याखेरीज ऊर्जा मिळत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील ओलिताच्या पंपांच्या वीजआकारणीत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरला.

इतिहास : अश्वशक्ती हे माप विजेपेक्षा जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट यांनी वाफेच्या एंजिनाची तुलना घोड्याच्या कामाशी करून दर मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे १ अश्वशक्ती असे ठरविले. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ असून १८७० मध्ये ती जलंब येथून लोहमार्गाने जोडली गेली. तेथील सरकी काढण्याच्या व गठ्ठे बांधण्याच्या कारखान्यांत वाफेची यंत्रे आली. विद्युत् एककांना ‘वॉट’ व ‘ज्यूल’ ही नावे १८८९ च्या पॅरिस येथील विद्युत् परिषदेत मान्य झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या (स्थापना १९६०) काळात ओलितासाठी विजेवर चालणाऱ्या पंपांचा प्रसार झाला, तेव्हा मोटरीच्या पट्टीवर जुनी अश्वशक्ती व मीटरवर किलोवॉट-तास अशी दोन मापे शेतकऱ्यापुढे एकाच वेळी आली.

रूपांतर : १ ब्रिटिश अश्वशक्ती सु. ७४६ वॉट, तर मेट्रिक अश्वशक्ती सु. ७३५.५ वॉट असते. ५ अश्वशक्ती (ब्रिटिश) म्हणजे ३.७३ किलोवॉट. मात्र हा आकडा मोटरीच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीचा होय. मोटरीची कार्यक्षमता ८०% धरल्यास तारेतून सु. ४.६६ किलोवॉट घ्यावे लागतात. पूर्ण भाराने आठ तासांत सु. ३७ युनिटे खर्च होतात. तीच मोटर चार तास चालल्यास खर्च निम्मा होतो, अश्वशक्ती मात्र तीच राहते.

आकारणी : १९७० नंतरच्या दशकात राज्यात कृषिपंपांना अश्वशक्तीवर ठोक दर लागू झाला. त्यामुळे मीटर वाचण्याचा खर्च व त्रास वाचला. परंतु दोन तास पंप चालविणाऱ्यास व आठ तास चालविणाऱ्यास सारखेच बिल येऊ लागले. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अश्वशक्ती व अंदाजे तास यांच्या गुणाकाराने काढावा लागतो. तासांचा अंदाज जास्त धरल्यास वाहिन्यांतील गळती व चोरी शेतीच्या नावे जमा होते; कमी धरल्यास शेतीचा खरा वापर गळतीत लपतो.

पाण्याची खोली : १,००० घन मीटर पाणी १० मीटर वर उचलण्यास तत्त्वतः २७.२५ युनिटे लागतात; ६० मीटर खोलीवरून १६३.५. पंप, मोटर व नळ यांतील हानीमुळे प्रत्यक्ष खर्च याच्या दुपटीहून अधिक होऊ शकतो. उथळ विहिरीच्या जागी खोल कूपनलिका आली की तेवढ्याच पाण्यास वीज कितीतरी अधिक लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर भूजल खारे असल्याने उपसलेल्या पाण्याचा उपयोगही मर्यादित राहतो. अश्वशक्तीच्या आकड्यावरून यांपैकी काहीच कळत नाही.

सद्यःस्थिती : २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरण कंपनीकडे गेले. एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याची योजना राज्य शासनाने लागू केली. तिची मर्यादाही शक्तीची आहे, ऊर्जेची नव्हे. बिल माफ झाले, तरी ऊर्जेचा खर्च शासनाच्या अनुदानातून भागवावा लागतो आणि त्याची रक्कम युनिटांवरच अवलंबून असते. सौर पंपांची क्षमताही अश्वशक्तीतच सांगतात. त्यांपासून मिळणारी ऊर्जा उन्हाच्या तासांवर ठरते. म्हणून शेतकरी, वीज कंपनी व शासन यांपैकी कोणाचाही हिशेब तास मोजल्यावाचून पुरा होत नाही.