सोळा ञाणांची कुळकथा

श्रीलंकेत उच्चवालिक इथे महानाग नावाचे एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, राहत. आपण अर्हत झालो, आता करण्यासारखं काही उरलं नाही, अशी त्यांची खात्री होती, आणि ती एकदोन नव्हे, चांगली साठ वर्षांची होती. धम्मदिन्न हा त्यांचा शिष्य. गुरुजींचं काम मध्येच थांबलंय हे त्याने ताडलं आणि तो भेटीला आला. त्याने अवघड अवघड प्रश्न विचारले; थेरांनी एकेकाचं चोख उत्तर दिलं. मग त्याने ऋद्धिबळाने एक हत्ती निर्माण करण्याची विनंती केली. पांढराशुभ्र हत्ती उभा राहिला. आता हा कान फाकवून, शेपूट ताठ करून, सोंड तोंडात घालून चीत्कारत तुमच्याच अंगावर येतोय असं करा, असं धम्मदिन्नाने सुचवलं. थेरांनी तसं केलं. हत्ती धावून आला, आणि आपणच घडवलेल्या हत्तीला घाबरून थेर उठून पळायला लागले. धम्मदिन्नाने त्यांच्या चीवराचं टोक धरलं आणि अर्हताला भीती वाटते का, एवढंच विचारलं.

थेर रागावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ते शिष्यापुढे उकिडवे बसले आणि मला आधार दे म्हणाले. शिष्याने वाट दाखवली, थेर चंक्रमणाला, म्हणजे चालत ध्यान करायला, गेले आणि तिसऱ्या पावलाला खरोखरचे अर्हत झाले, असं कथा सांगते.

ही कथा आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या विसाव्या प्रकरणात येते. ध्यानाच्या बळावर महानागांचे विकार दबलेले होते, गेलेले नव्हते; आणि दबलेलं नि गेलेलं यांतला फरक आतून कळत नाही. विपश्यनेत साधकाला एकामागून एक सोळा अवस्थांतून जावं लागतं असं आज सांगितलं जातं. त्या सोळा ञाणांची (पाली ‘ञाण’ म्हणजे ज्ञान) यादी वाढत गेली ती याच अडचणीपोटी. फसगत पकडणं हे तिचं मूळ काम. प्रगतिपुस्तक म्हणून तिचा वापर फार अलीकडचा आहे, आणि मला तो उलटा वाटतो.

मुळात बुद्धवचनात सोळाची यादी नाही. सुत्तांमध्ये वारंवार भेटणारा क्रम चारच शब्दांचा आहे : जसं आहे तसं पाहणं, त्यातून निब्बिदा म्हणजे उबग, मग विराग, मग विमुक्ती. जरा सविस्तर नकाशा हवा असेल तर मज्झिम निकायातल्या २४व्या सुत्तापाशी, रथविनीत सुत्तापाशी, जावं लागतं. सावत्थीजवळच्या अंधवनात सारिपुत्त आणि पुण्ण मंतानिपुत्त यांची गाठ पडते. (आपल्या सोपाऱ्याशी ज्याचं नाव जोडलं जातं तो पुण्ण वेगळा.) सारिपुत्त स्वतःची ओळख न देता प्रश्न करत राहतात, आणि पुण्ण उत्तरादाखल राजा पसेनदीच्या प्रवासाचा दाखला देतात. राजाला सावत्थीहून तातडीने साकेतला जायचंय. वाटेत ठिकठिकाणी असे सात रथ जोडून ठेवलेत. पहिल्याने दुसऱ्यापर्यंत न्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्यापर्यंत. शेवटच्या रथातून राजा महालाच्या दाराशी उतरतो. पण कुठल्याही एका रथाने त्याला साकेतला आणलं असं म्हणता येत नाही. तशाच सात विशुद्धी : शीलाची, चित्ताची, दृष्टीची, शंका ओलांडण्याची, वाट कुठली नि आडवाट कुठली हे ओळखण्याची, प्रत्यक्ष वाटचालीच्या ज्ञानाची आणि सरतेशेवटी ज्ञानदर्शनाची. सुत्त ही नावं घेतं आणि थांबतं. एकेका रथात बसल्यावर काय दिसतं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ती रिकामी जागा भरायला पुढच्या पिढ्यांना काही शतकं लागली. ‘पटिसम्भिदामग्ग’ हा ग्रंथ परंपरा सारिपुत्तांच्या नावावर घालते. अभ्यासक तो सुत्तांच्या बराच नंतरचा मानतात. यादी करण्याची हौस काय असते ते तिथे पाहावं : पहिल्याच प्रकरणात तब्बल ७३ ञाणं. उदय-व्यय पाहणं, भंग पाहणं, भय वाटणं, दोष दिसणं, सुटावंसं वाटणं ही पुढे प्रसिद्ध झालेली मंडळी याच गर्दीत पहिल्यांदा नीट रांगेत उभी दिसतात. उपतिस्स नावाच्या आचार्यांनी ‘विमुत्तिमग्ग’ लिहिला. तो आज पूर्ण रूपात मिळतो तो चिनी भाषांतरात. आणि मग पाचव्या शतकात अनुराधपुरच्या महाविहारात बुद्धघोषांनी सगळा पसारा एकत्र बांधला. रथविनीताच्या सात विशुद्धी हे खोड धरलं आणि पटिसम्भिदामग्गातली ञाणं त्यावर फांद्यांसारखी बसवली.

बुद्धघोष नुसते संकलक असते तर हा ग्रंथ कपाटातच राहिला असता. त्यांनी प्रत्येक अवस्थेला एकेक चित्र दिलं. भयञाणासाठी एक आई उभी केली आहे. तिच्या तीन मुलांना राजाने देहदंड फर्मावलाय. थोरल्याचं डोकं तिच्यासमोर उतरलंय, मधल्याचं उतरतंय, आणि धाकट्याची आशा ती तिथेच सोडून देते. होऊन गेलं ते संपलं, आहे ते संपतंय, येईल तेही संपणार. निब्बिदेच्या जागी चित्रकूटाच्या पायथ्याच्या सरोवरात रमणारा राजहंस येतो. वेशीबाहेरच्या घाण डबक्याकडे तो वळूनही पाहत नाही. सुटण्याची इच्छा म्हणजे जाळ्यातला मासा आणि सापाच्या जबड्यातला बेडूक. आणि संखारुपेक्खेचं, म्हणजे सगळ्या घडामोडींकडे समतेने पाहण्याच्या अवस्थेचं चित्र तर मला सगळ्यांत आवडतं. जुने समुद्री व्यापारी गलबतावर एक कावळा ठेवत. किनारा कुठे हे कळेनासं झालं की त्याला सोडायचं. जमीन दिसली तर तो सरळ तिकडे जाई. नाही दिसली तर पुन्हा डोलकाठीवर येऊन बसे. या टप्प्यावर चित्त निर्वाण दिसेपर्यंत असं पुनःपुन्हा उडतं आणि परततं. म्हणजे इथवर पोचलेला साधकही किती वेळा रिकामा परत येतो, ते ग्रंथकाराला पक्कं माहीत होतं.

याच वाटेवर, चौथ्या ञाणाच्या कोवळ्या टप्प्यावर, दहा फसव्या गोष्टी उभ्या आहेत. प्रकाश दिसतो, बुद्धी लखलखते, अंगावर प्रीतीच्या लहरी येतात, शरीर-मन हलकं होतं, श्रद्धा उचंबळते, उत्साह येतो, स्मृती आपोआप टिकते. एकही वाईट नाही. पण त्यांना विपश्यनेचे उपक्लेश म्हटलंय, कारण हेच ध्येय समजून माणूस तिथे बिऱ्हाड करतो. दहावा उपक्लेश आधीच्या नवांची गोडी लागणं हाच. महानाग थेरांची गोष्ट याच चर्चेत येते.

१६ हा आकडा बुद्धघोषांनी दिलेला नाही. अनुरुद्धांच्या ‘अभिधम्मत्थसंगह’ या छोट्या पोथीत विपश्यनेची ञाणं दहा मोजली आहेत. त्या दहांच्या अलीकडची दोन आणि पलीकडची चार धरून पुढच्या काळात सोळा झाली. ब्रह्मदेशातले श्रामणेर ही पोथी तोंडपाठ करत. पाठ असणं आणि अनुभवणं यांत अर्थातच अंतर होतं, आणि कित्येक शतकं ही यादी मुख्यतः पाठांतरातच राहिली.

ती तिथून काढली वसाहतकाळाने. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडालेचं राज्य बुडवलं, धर्माचा राजाश्रय गेला. तेव्हा लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारख्या भिक्खूंनी अभिधम्म आणि विपश्यना सरळ गृहस्थांच्या हाती द्यायला सुरुवात केली. दुसरीकडे मिंगुन जेतवन सयाडोंनी सतिपट्ठान सुत्तावरून एक सोपी रीत बसवली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला थटोन इथे त्यांच्याकडे एक तरुण, पंडित भिक्खू शिकायला आला. १९०४मध्ये श्वेबोजवळच्या सेइक्खुन गावात जन्मलेले हे सोभन भिक्खू पुढे गावच्या मोठ्या नगाऱ्याच्या विहारावरून ‘महासी’ म्हणून ओळखले गेले.

महासींची रीत अशी. पोटाच्या हालचालीवर लक्ष ठेवायचं आणि मनात नोंद करायची : फुगतंय, बसतंय. पाय दुखला की दुखतंय, विचार आला की विचार. काही दिवसांत साधकाला जाणवतं की फुगणं वेगळं आणि फुगण्याची जाण वेगळी. तिसरा कुणी ‘मी’ मध्ये सापडत नाही. हे पहिलं ञाण, नाम आणि रूप यांचा विभाग. मग हात वाकवण्याआधी वाकवण्याची इच्छा उठते हे दिसतं. कार्यकारण कळलं, दुसरं ञाण. तिसऱ्यात कळा, खाज, आखडणं यांचा कहर होतो आणि बरेच जण इथेच कंटाळतात. चौथ्यात तो प्रकाश. पाचव्यात, भंगञाणात, पोटाचा-हाताचा आकारच हरवतो. नोंद करावी तर ती वस्तू आधीच सरलेली. तिथून भय, आदीनव म्हणजे दोष दिसणं, निब्बिदा, सुटण्याची इच्छा, आणि पुन्हा सगळं तपासण्याची धडपड. मग अकरावी समता. त्यापुढे अनुलोम, गोत्रभू, मार्ग आणि फल क्षणांत उरकतात. शेवटी मागे वळून पाहणं. एवढं झालं म्हणजे माणूस स्रोतापन्न, म्हणजे पहिल्या इयत्तेत. सकदागामी, अनागामी आणि अर्हत या तीन इयत्ता अजून बाकीच राहतात.

ग्रंथातली ओळ आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याने, दुकानदाराने सांगितलेला अनुभव महासींनी शेजारी शेजारी ठेवून पाहिला. माझ्या मते या कुळकथेतलं सगळ्यांत मोठं वळण हेच. १९४९मध्ये पंतप्रधान ऊ नू आणि सर ऊ थ्विन यांच्या बोलावण्यावरून ते रंगूनच्या सासन यैक्था या ध्यानकेंद्रात आले, आणि १९५०मध्ये ञाणांच्या क्रमावरचं त्यांचं छोटेखानी पुस्तक ब्रह्मीतून पालीत आलं. ज्यांना साधनेत काही हाती लागलंय त्यांच्यासाठी हे आहे, असं त्यांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केलं. आधी चाला, मग नकाशाशी ताडून पाहा.

त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९६५मध्ये ज्ञानपोनिक थेरांनी केलं. ते जर्मन, आणि त्यांचे गुरू ज्ञानतिलोकही जर्मन. आता इथे आपलं माणूस भेटतं. १९०४च्या सुमारास हे ज्ञानतिलोक ब्रह्मदेशातल्या सगाइंगच्या टेकड्यांवर गुहेत राहून ध्यान शिकत होते, तेव्हा त्यांचे सोबती होते गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. कोसंबींनी पुढे हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्गा’चं संपादन केलं. हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या मृत्यूने अडलेलं ते काम होतं. रोमन लिपीतली ही प्रत १९५०मध्ये निघाली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी; देवनागरी आवृत्ती मात्र भारतीय विद्या भवनाने १९४०मध्येच काढली होती. मराठी वाचकासाठी त्यांनी ‘समाधिमार्ग’ लिहिला तो वेगळाच. म्हणजे महानाग थेरांची गोष्ट मूळ पालीत पण आपल्या लिपीत वाचायची सोय एका गोवेकराने केली आहे. हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

महासींना विरोधही झाला. ध्यानसमाधीचा पाया न घालता कोरड्या विपश्यनेने एवढी मजल मारता येते का, असा आक्षेप कोलंबोच्या वजिरारामातल्या विद्वान भिक्खूंनी घेतला. तो वाद आजही मिटलेला नाही. दरम्यान यादी पश्चिमेला पोचली. मूळचे चितगावचे अनागारिक मुनिंद्र महासींकडे शिकून १९६६मध्ये बोधगयेला परतले आणि तिथे त्यांना तरुण अमेरिकन शिष्य मिळाले. पुढे तिकडे भयापासूनच्या दुःखञाणांना सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश ख्रिस्ती संताची ‘काळरात्र’ ही संज्ञा चिकटली. आपण कितव्या ञाणावर आहोत याची जाहीर चर्चा सुरू झाली, तीही तिथूनच. तिचा एक फायदा झाला हे मान्य करायला हवं : ध्यानातून भीती, निद्रानाश, दिशाहीनता येऊ शकते हे उघडपणे बोललं जाऊ लागलं, आणि २०१७मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ६० साधकांच्या मुलाखतींवरून त्याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रात विपश्यना आली ती दुसऱ्या शाखेतून : लेडी सयाडो, मग शेतकरी साया थेटजी, मग ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल ऊ बा खिन, मग सत्यनारायण गोयंका. गोयंकांचं पहिलं शिबिर मुंबईत जुलै १९६९मध्ये झालं. १९७६पासून इगतपुरीचं धम्मगिरी सुरू आहे. या शाखेत सोळातला ‘भंग’ तेवढा सर्रास कानावर पडतो. संपूर्ण शरीरात सूक्ष्म तरंगांचाच अनुभव येणं, अशा अर्थाने. पायऱ्या मोजायला गोयंकांनी कुणाला शिकवलं नाही. समता किती वाढली हाच मापदंड, असं ते प्रवचनातून बजावत. तरी मौन सुटलं की जेवणाच्या रांगेत तुला भंग आला का, ही विचारपूस व्हायची ती होतेच.

शिबिराला जाणार असाल तर एवढंच करा : ही यादी घरी ठेवून जा. तिथे प्रकाश दिसला किंवा अकारण भीती दाटली, तर ती कितवी पायरी ते शोधत बसू नका, आचार्यांना सांगा. आणि भीती किंवा निद्रानाश घरी आल्यावरही टिकला, तर डॉक्टरांनाही सांगा. पुस्तक नंतर वाचा. महासींनीही ते नंतर वाचण्यासाठीच लिहिलं होतं.