हर्षद संख्या

ज्या धन पूर्णांक संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला हर्षद संख्या म्हणतात. उदाहरणार्थ, १८ या संख्येच्या अंकांची बेरीज ९ असून १८ ला ९ ने निःशेष भाग जातो. म्हणून ती हर्षद संख्या होय. १९ च्या अंकांची बेरीज १० येते व भागाकारात बाकी ९ उरते. म्हणून ती हर्षद नाही.

इतिहास

ही संकल्पना मराठी गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मांडली. 'हर्षद' हा शब्द संस्कृत असून त्याचा अर्थ 'आनंद देणारा' असा आहे. कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. अंकांच्या गुणधर्मांवरील त्यांचे संशोधन अनेक भारतीय गणितज्ञांना किरकोळ वाटे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांना आंतरराष्ट्रीय प्रसिद्धी लाभली. आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानावरून या संख्यांना 'निव्हेन संख्या' असेही म्हणतात.

उदाहरणे

१ ते ९ या सर्व संख्या हर्षद आहेत. त्यापुढील काही हर्षद संख्या १०, १२, १८, २०, २१, २४ व २७ या होत. १०० पर्यंत अशा एकूण ३३ संख्या आहेत. कापरेकर स्थिरांक ६१७४ (अंकांची बेरीज १८; ६१७४ = १८ × ३४३) आणि रामानुजन यांच्या नावाशी निगडित १७२९ (अंकांची बेरीज १९; १७२९ = १९ × ९१) या संख्याही हर्षद आहेत.

संगणकीय गाळणी

कापरेकरांनी आकडेमोड हाताने केली. आज हेच काम अगदी लहान आज्ञावली करते. पायथॉन भाषेत ती एका ओळीत मावते. तिचे टप्पे असे:

१. संख्या अक्षरमालेच्या रूपात घेऊन तिचे अंक सुटे करणे.
२. त्या अंकांची बेरीज करणे.
३. मूळ संख्येला त्या बेरजेने भागून बाकी काढणे.
४. बाकी शून्य असल्यास संख्या ठेवणे, अन्यथा वगळणे.

गणना १ पासून सुरू करावी. ० च्या अंकांची बेरीज शून्य असल्याने तेथे शून्याने भागण्याची चूक उद्भवते. तसेच पायथॉनमध्ये मर्यादेची शेवटची संख्या गणली जात नाही. १०० पर्यंतच्या संख्या हव्या असल्यास मर्यादा १०१ द्यावी लागते. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील कसोटी बदलली की त्याच साच्यातून अंकांवर आधारित इतर संख्याही गाळता येतात.

पडताळणी आणि सिद्धता

आज्ञावलीने केलेली पडताळणी म्हणजे सिद्धता नव्हे. १! पासून ४३१! पर्यंतची सर्व क्रमगुणिते हर्षद आहेत, ४३२! मात्र नाही. पहिली चारशे क्रमगुणिते तपासून थांबणाऱ्यास नियम सापडल्याचा भास होईल. याउलट, सलग २१ संख्या हर्षद असू शकत नाहीत, हे कूपर व केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. अनंत संख्या तपासता येत नसल्याने असे विधान केवळ आज्ञावलीने प्रस्थापित होत नाही.

हा गुणधर्म संख्यालेखनाच्या पद्धतीवरही अवलंबून असतो. १२ ही संख्या दशमान पद्धतीत हर्षद आहे. अष्टमान पद्धतीत ती १४ अशी लिहिली जाते, अंकांची बेरीज ५ येते आणि ती हर्षद राहत नाही. प्रत्येक पद्धतीत हर्षद ठरणाऱ्या संख्या १, २, ४ व ६ एवढ्याच आहेत.